फोटोंतून कापलेला मार्कस: न्यू जर्सीतल्या एका मराठी घराचं प्रकरण

मी न्यू जर्सीत समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत भारतीय घरांतली विशी-पंचविशीची मुलं-मुली बरीच असतात. पुढचं प्रकरण त्यांतल्याच एकीचं आहे. नावं, व्यवसाय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या दोघांची ही गोष्ट आहे, त्या दोघांनीही वाचून लिहायला होकार दिला आहे.

पार्श्वभूमी

अदिती सात वर्षांची असताना आईवडिलांबरोबर पुण्याहून एडिसनजवळच्या एका गावात आली. बाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर सॉफ्टवेअरमध्ये, आई आणि अदिती त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या एच-फोर व्हिसावर. दोन वर्षांनी भाऊ झाला, ओम. तो इथे जन्मला म्हणून जन्मतःच अमेरिकन नागरिक. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर, बहीण-भावांचे पासपोर्ट वेगळे. इथल्या हजारो भारतीय घरांत ही स्थिती आहे आणि मुलांना तिची जाणीव फार लवकर होते.

घर पक्कं मराठी. रविवारची मराठी शाळा, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवरून महिन्याचं वाणसामान, मराठी मंडळाचा गणपती, ढोल-ताशा पथकात अदितीचा ताशा. बाबा मंडळाच्या कार्यकारिणीवर. आईला बरीच वर्षं नोकरी करता आली नाही, कारण एच-फोरवरच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळायची सोय २०१५ साली झाली आणि तीही काही ठरावीक अटींवर. ती वर्षं तिने मंडळातल्या बायकांच्या आधारावर काढली. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर या मैत्रिणींनी पाळी लावून डबे पोचवले. पुढे जे घडलं ते समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

बाबांनी मध्ये कंपनी बदलली, ग्रीन कार्डाचा अर्ज उशिरा दाखल झाला. नोकरीच्या वर्गात कुठल्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं येत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे. नंबर लागायच्या आत अदिती २१ वर्षांची झाली आणि वडिलांच्या व्हिसावरून उतरली. याला इथे सगळे ‘एज आउट’ म्हणतात. ज्या देशात ती दुसरीपासून शिकली, तिथे तिला परदेशी विद्यार्थी म्हणून एफ-वन व्हिसा घ्यावा लागला. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणाऱ्या मुदतीच्या कामाच्या परवान्यावर नोकरी, आणि दर वर्षी मार्चमध्ये एच-वन-बीच्या लॉटरीत नाव. व्हिसे कमी आणि अर्ज जास्त, म्हणून ही सोडत. पहिल्या वर्षी नाव आलं नाही.

मार्कस तिला कॉलेजात संख्याशास्त्राच्या वर्गात भेटला. न्यू जर्सीतल्याच नेवार्क शहरातला, कृष्णवर्णीय, आजीने वाढवलेला, आता सरकारी शाळेत गणित शिकवतो. अदिती माझ्याकडे आली तेव्हा ती २४ वर्षांची होती आणि दोघांच्या नात्याला तीन वर्षं झाली होती. घरी फक्त ओमला माहीत होतं.

अडचण

ती आली झोप लागत नाही म्हणून. दुसऱ्या भेटीत कारण बाहेर आलं. आईबाबांनी तिचा बायोडेटा एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता आणि सिएटलचं एक स्थळ नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत भेटायला येणार होतं. मुलगा ‘आपल्यातला’, ग्रीन कार्ड झालेला. आईच्या दृष्टीने दोन्ही प्रश्न एकाच घासात सुटत होते.

तीन वर्षं अदितीने दोन आयुष्यं चालवली होती. इन्स्टाग्रामची दोन खाती. प्रत्येक फोटोतून मार्कस कापलेला, किंवा तो असलेले फोटो काढलेच नाहीत. एकदा ओक ट्री रोडवर मंडळातल्या काकू समोरून येताना दिसल्या आणि तिने त्याचा हात सोडून दुकानात शिरकाव केला. तो बाहेर उभा राहिला. त्या दिवशी तो काही बोलला नाही, पण घरी गेल्यावर त्याच्या आजीने विचारलं, “तिला तुझी लाज वाटते का?” हे त्याने अदितीला सहा महिन्यांनी सांगितलं.

यात कायद्याचा पेच होताच. लॉटरीत नाव न आल्यावर तिने एका वकिलाचा सल्ला घेतला. मित्र नागरिक आहे हे कळताच त्यांनी सरळ सांगितलं की नागरिकाशी लग्न झालं तर या रांगेचा प्रश्नच येत नाही, नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक मर्यादा लागू नाही. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत कार्ड मिळालं तर ते आधी दोन वर्षांपुरतं, सशर्त असतं. मात्र लग्न खरं आहे हे दाखवावं लागतं: एकत्र घराचा करार, एकत्र बँकखातं, दोन्ही कुटुंबांबरोबरचे फोटो, ओळखीच्यांची शपथपत्रं. अदितीकडे यातलं काहीच नव्हतं. समाजापासून जे लपवलं होतं, ते कायद्याच्या नजरेलाही दिसत नव्हतं. आणि इतकं करून लोक म्हणणार, ग्रीन कार्डासाठी केलं. सगळ्यात जास्त भीती तिला याची होती, की उद्या मार्कसलाही तसंच वाटेल.

या सगळ्याखाली एक प्रश्न होता, जो तिने चौथ्या भेटीत विचारला: “मी मार्कसशी लग्न केलं तर मी मराठी राहीन का?”

जीन फिनी या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तरुणांच्या वांशिक अस्मितेवर काम केलं. त्यांची मांडणी अशी, की आधी अस्मिता न तपासता मिळालेली असते, मग शोधाचा काळ येतो आणि त्यानंतर ती स्वतःची होते. अदितीचं मराठीपण तोवर पहिल्या अवस्थेत होतं. ते मंडळाने, शाळेने, आईने दिलेलं होतं. म्हणून ते मंडळ परतही घेऊ शकतं, असं तिला मनातून वाटत होतं.

समोरचे पर्याय

आम्ही कागदावर पर्याय लिहिले. नातं तोडणं हा तिनेच पहिला लिहिला आणि लगेच खोडला.

दुसरा होता, मार्चच्या लॉटरीपर्यंत गप्प राहणं. एच-वन लागला की कागदांचं ओझं उतरेल, मग घरी शांतपणे सांगता येईल. हा तिचा आवडता पर्याय होता. पण थँक्सगिव्हिंगला येणारं स्थळ मार्चपर्यंत थांबणार नव्हतं, आणि त्या मुलाला बोलावून खोटं बोलणं हा त्याच्यावरही अन्याय होता.

तिसरा मार्कसच्या एका मित्राने सुचवलेला: कोर्टात लग्न करा, मग सांगा. न्यू जर्सीत परवान्यासाठी ७२ तास थांबावं लागतं, एक साक्षीदार लागतो. सोपं आहे. मार्कसनेच नकार दिला. तीन वर्षं त्याला लपवलं होतं, लग्नही लपून करायला तो तयार नव्हता.

चौथा, घरी आत्ताच सांगायचं आणि लग्न व व्हिसा हे विषय त्या बोलण्यातून बाहेर ठेवायचे. फक्त एवढंच: हा माणूस माझ्या आयुष्यात आहे, तीन वर्षं आहे, स्थळं बघणं थांबवा.

हा चौथा पर्याय निवडताना खरी चर्चा झाली ती आधी कुणाला सांगायचं यावर. पुण्याच्या मामाला मध्यस्थ करावं असं तिला वाटत होतं, कारण बाबा त्याचं ऐकतात. मी त्याला विरोध केला. मामाकडून बातमी गेली असती तर ती आधी नातेवाइकांची झाली असती आणि मग आईबाबांची. मुलीचं नातं आपल्याआधी मेहुण्याला कळलं, हा अपमान बाबांना विसरता आला नसता. शेवटी आईला, एकटीला, घराबाहेर सांगायचं ठरलं.

काय केलं

अदितीने आईला गाडीत सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने पहिला प्रश्न विचारला, “अमेरिकन आहे?” हो म्हटल्यावर, “गोरा?” नाही म्हटल्यावर ती रडायला लागली आणि म्हणाली, “गोरा असता तर मी बाबांना समजावलं असतं गं.”

या वाक्यावर मी थोडं थांबते, कारण माझ्या मते प्रकरणाचा गाभा तिथे आहे. आईने संस्कृती, भाषा, सण यांचा आधार घेतला असता तर गोरा मुलगाही चालायला नको होता. तिच्या मनात एक उतरंड होती: आपल्या जातीतला, मग कुठलाही मराठी, मग दुसरा भारतीय, मग गोरा, आणि सगळ्यात खाली मार्कस. ही उतरंड ती अमेरिकेत येऊन शिकली नव्हती, तिचा साचा घरूनच आला होता. स्थळांच्या बायोडेटात पोटजातीचा रकाना भरणाऱ्या हातांना त्वचेच्या रंगाचा रकाना भरायला वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्याकडे याच्या उलटाही एक वारसा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांची स्थिती किती सारखी आहे ते कळवलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघून. पुण्याहून आलेल्या घराला मार्कसचा समाज परका वाटावा, हे मला फार खुपतं.

तरीही आईला नुसती पूर्वग्रही म्हणून सोडून देता येत नाही. पुढच्या भेटीला ती अदितीबरोबर आली तेव्हा म्हणाली, “उद्या या बायका माझ्याशी बोलल्या नाहीत, तर मला कोण आहे इथे?” ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य आपण पुण्यात ऐकतो तेव्हा त्यामागे नातेवाईक असतात, शेजार असतो, माहेर असतं. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं असतं. परदेशात मंडळ हेच माहेर आणि तेच शेजार. तिला टोमण्यांपेक्षा आजारपणात डबा न येण्याची भीती होती. आम्ही तिच्याबरोबर बसून यादी केली, की त्या बायकांतल्या कोण खरंच तोंड फिरवतील. यादी तिच्या अंदाजापेक्षा खूपच लहान निघाली. एकीच्या मुलीने मेक्सिकन मुलाशी लग्न केल्याचं सगळ्यांना माहीत होतं आणि तिच्या घरचं हळदीकुंकू कुणी चुकवत नव्हतं.

बाबांना आईनेच सांगितलं. ते जवळजवळ दोन आठवडे अदितीशी बोलले नाहीत. सिएटलचं स्थळ त्यांनी स्वतः फोन करून थांबवलं, कारण मात्र ‘तिचं ऑफिसचं काम’ असं दिलं. मग एका जेवणाच्या वेळी ओम बोलला. त्याच्या शाळेत नागरी हक्कांच्या चळवळीवर प्रकल्प होता. १९६५च्या आधी भारतासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पिढीने रस्त्यावर उतरून वातावरण बदललं, १९६४ आणि १९६५ साली नागरी हक्कांचे आणि मतदानाचे कायदे झाले, आणि त्याच लाटेत १९६५च्या ऑक्टोबरमध्ये तो जुना कोटा उठवणारा स्थलांतराचा नवा कायदा आला. “बाबा, मार्कसच्या आजी-आजोबांची पिढी लढली म्हणून आपण इथे आहोत,” असं तो म्हणाला. बाबांचं मत त्याने बदललं नाही. पण ते उठून गेले नाहीत, आणि त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा मार्कसचं पूर्ण नाव विचारलं.

बाबांची आणि मार्कसची पहिली भेट एका डायनरमध्ये, म्हणजे साध्या हॉटेलात झाली आणि ती वाईट गेली. बाबांनी पगार विचारला, घराचं कर्ज विचारलं, वडील कुठे असतात हे दोनदा विचारलं. मार्कसने सगळ्याची उत्तरं दिली आणि बाहेर आल्यावर अदितीला म्हणाला की हे पुन्हा होणार असेल तर मला आधी सांग. त्यानंतर महिनाभर त्याने अंतर ठेवलं. या काळात मी त्याला पहिल्यांदा भेटले. त्याची अट साधी होती: यापुढे मला कुठल्याही फोटोतून कापायचं नाही. तुझ्या घरच्यांना मी आवडायलाच हवा असं माझं म्हणणं नाही. त्यांना मी दिसायला हवा.

दुसऱ्या भेटीत बाबा एकटे आले. त्यांनी मनातली खरी भीती सांगितली. “रात्री पोलिसांनी तुझी गाडी अडवली आणि माझी मुलगी शेजारच्या सीटवर असली तर?” हे ऐकून मला वाटलं, आता सगळं मोडणार. मार्कसने शांतपणे सांगितलं की तो सतरा वर्षांचा झाला आणि त्याला लायसन्स मिळायची वेळ आली तेव्हा आजीने त्याला गाडीत बसवून शिकवलं होतं, पोलीस आले की दोन्ही हात स्टिअरिंगवर, खिशाकडे हात न्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही. मग त्याने विचारलं, “तुम्हाला माझी भीती वाटते, की माझ्यासाठी?” बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही. खरं तर दोन्ही भावना एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि त्या वेगळ्या करायला त्यांना पुढे बरेच महिने लागले. पण पूर्वग्रह आणि काळजी यांना वेगवेगळी उत्तरं लागतात. काळजीबद्दल मार्कसशी बोलता येतं. पूर्वग्रहाचं काम बाबांनाच करायचं होतं.

काय घडलं

मार्चच्या लॉटरीत अदितीचं नाव आलं, ऑक्टोबरपासून एच-वन सुरू झाला. पुढच्या वसंतात दोघांनी कोर्टात लग्न केलं. दोन्ही घरांतली माणसं हजर होती. मंडळाच्या गणपतीत ती मार्कसला घेऊन गेली तेव्हा पथकातल्या मुलांनी त्याच्या गळ्यात ढोल अडकवला. दोन काकूंनी आईशी बोलणं तोडलं, एकीने पुन्हा सुरू केलं. पुण्याच्या मामाने अजून फोन केलेला नाही. अदितीच्या आजीला बाबांनी स्वतः सांगितलं, वर्षभराने. तिने विचारलं, “त्याच्या घरी कोण कोण असतं?” आणि दिवाळीला मार्कसच्या आजीसाठी शाल पाठवली. बाबा मात्र अजून नेवार्कच्या त्या घरी गेलेले नाहीत. तब्येत, गर्दी, पार्किंग, अशी कारणं निघतात.

मराठीपणाच्या प्रश्नाचं उत्तर अदितीने बोलण्यातून दिलं नाही. ती आता रविवारच्या शाळेत लहान वर्गाला शिकवते. तिथे अर्ध्या मराठी, अर्ध्या आणखी कुठल्या घरांतली मुलं दर वर्षी वाढत आहेत. त्यात आश्चर्य नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या अहवालानुसार २०१५ साली अमेरिकेत लग्न झालेल्या आशियाई वंशाच्या लोकांपैकी २९ टक्क्यांनी वेगळ्या वंशाचा जोडीदार निवडला होता. भारतीयांत हे प्रमाण कमी दिसतं. कार्नेगी संस्थेच्या २०२० सालच्या सर्वेक्षणात दहापैकी आठ जणांचा जोडीदार भारतीय वंशाचाच होता. म्हणजे अदितीसारखी मुलं अपवाद आहेत, पण इतकीही दुर्मीळ नाहीत की प्रत्येक घराने आपल्यावरच आभाळ कोसळल्यासारखं वागावं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी ओम. बारा-तेरा वर्षांच्या मुलावर ताईचं गुपित टाकलं गेलं. “ताई कुठे आहे?” या प्रश्नाला तो तीन वर्षं खोटी उत्तरं देत होता आणि त्याचा अभ्यास त्या काळात घसरला होता, हे सगळ्यांच्या लक्षात फार उशिरा आलं. गुपित ठेवायचंच असेल तर ते घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या खांद्यावर नको.

मार्कस या प्रक्रियेत उशिरा आला. आधीचे सगळे पर्याय अदितीच्या घराभोवती फिरत होते, आणि त्याला त्याच्या बाजूने काय सोसावं लागतंय हे डायनरच्या भेटीनंतर कळलं. त्यालाही त्याच्या मित्रांकडून ऐकावं लागत होतं, ‘ती लोकं आपल्याला कधीच घरात घेणार नाहीत.’ पहिल्या भेटीआधी बाबांशी एक तास बोलून कुठले प्रश्न विचारायचे नाहीत हे ठरवलं असतं, तर तो महिना वाया गेला नसता.

तिसरा मुद्दा मी अदितीशी अजूनही वाद घालते असा आहे. एच-वन मिळेपर्यंत लग्न करायचं नाही, हे तिने ठरवलं, कारण ‘ग्रीन कार्डासाठी केलं’ असं कुणालाही म्हणता येऊ नये. घरी सगळं सांगून झालं होतं, दोघांचं लग्नाचं नक्की होतं, आई तयार होती. तरी तिने स्वतःला लॉटरीच्या हवाली केलं. नाव सलग हुकलं असतं तर ओपीटी संपल्यावर तिला देश सोडावा लागला असता आणि मार्कसची शाळा, आजी, सगळं इथे. ती म्हणते, माझ्या मनाच्या स्वच्छतेसाठी ते गरजेचं होतं. मला वाटतं, त्यातही लोकच बोलत होते. आईबाबांपुढे ती लोकांना बधली नाही, पण स्वतःच्या लग्नाची तारीख तिने त्यांच्याच शंकेवरून ठरवली. खऱ्या नात्यातल्या माणसाने कायद्याने दिलेला रस्ता वापरला तर त्यात कमीपणा नाही. नाव आलं म्हणून तो निर्णय शहाणपणाचा ठरला असं मी मानत नाही. अदितीला ते पटत नाही, आणि निर्णय तिचा होता.

आता तिने विवाहाच्या आधारे ग्रीन कार्डाचा अर्ज केला आहे. मुलाखतीच्या फाइलमध्ये लावायला या वेळी फोटो आहेत. पहिल्या तीन वर्षांचे मात्र जवळजवळ नाहीत. अधिकाऱ्याने विचारलं तर का नाहीत हे खरं सांगायचं, असं दोघांनी ठरवलं आहे. बाबाही त्यांच्यासाठी शपथपत्र लिहून देणार आहेत.